साडेचार सूत

"नमुना नाही" असं गिऱ्हाइकानं म्हटलं की माझा जीव भांड्यात पडतो. त्यापुढं मला काही करावं लागत नाही. लेथच्या मागच्या भिंतीवर माझ्याच हातची पाटी आहे: नमुना आणल्याशिवाय काम घेतले जात नाही. मी बोट वर करतो, गिऱ्हाईक पाटी वाचतं, कपाळाला आठ्या घालतं आणि जातं. झिजलेला बुश आणा, नवा घेऊन जा. तुटलेली पिन आणा, तशीच दुसरी घेऊन जा. उसाच्या ट्रॉलीचे, गुऱ्हाळाच्या चरकाचे, पिठाच्या गिरणीचे बुश आणि पिना करण्यात साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीत शहाण्णव सालापर्यंत माझी बावीस वर्षं गेली होती. थोरवड्याचा माल म्हणजे हुबेहूब, असं लोक म्हणतात आणि ते खरं आहे. आयटीआयतले आमचे निदेशकही तेच म्हणायचे, फक्त निराळ्या सुरात. एकदा माझा जॉब हातात घेऊन, उलटासुलटा करून ते म्हणाले, "थोरवडे, तू पक्का नकल्या आहेस." वर्ग हसला. मीही हसलो, कारण त्या जॉबला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले होते. घरी जाताना मात्र सायकल हातात धरून चालत गेलो, चाकात हवा असूनही. मग पाटी लिहिली ती दुकान काढलं त्याच आठवड्यात.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीतला मंगळवार होता. अकराच्या सुमाराला दारात एक माणूस उभा राहिला. सहा फूट उंच, पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, काखेत वाकळेत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं. मी नमस्कार केला तर त्यानं मान हलवली नाही. उजवीकडचा लेथ बघायला तो आख्खा फिरला, पायापासून. मग डावीकडचा, खाचा कापायचा शेपर बघायला पुन्हा आख्खा फिरला. मी मनात म्हटलं, माज बघा केवढा. "लालासाहेब निकम. रिटायर सुभेदार. उंब्रजच्या पलीकडचा," तो म्हणाला. माझ्या वडलांचं, आण्णांचं गाव तिथून दोन कोसांवर. त्या बाजूच्या लोकांपुढं मान वाकवायचं आण्णांनी छप्पन साली, धम्म घेतला त्या वर्षी बंद केलं, आणि लोणंदला रेल्वेत खलाशी म्हणून लागले ते पुन्हा गावाकडं राहायला गेले नाहीत. मला तर त्यांनी मान वाकवायला कधी शिकवलंच नाही. तिकडचं आडनाव कानावर आलं की माझी मान अजून आपोआप ताठ होते. तेव्हा आम्ही दोघं मिनिटभर एकमेकांसमोर माना ताठ करून उभे राहिलो. बाहेरून कोणी बघितलं असतं तर त्याला हसू आवरलं नसतं.

"मिस्त्री, एक नाजूक काम हाय," ते म्हणाले.

"नमुना आणलाय?"

"नमुना कुठनं आणू? असली वस्तू अजून जगातच न्हाई."

झालं ते एवढंच. बोट वर करायला मी हात उचलला होता, तो तसाच राहिला. मोटर बंद केली होती तरी लेथचा चक अजून सुस्त फिरत होता. कापायच्या तेलाचा करपट वास नाकात होता, तो रोजचाच, पण तो वास आहे हे मला कितीतरी दिवसांनी कळलं. बावीस वर्षांत असलं वाक्य माझ्या दुकानात कोणी बोललं नव्हतं. माझ्याकडं येतं ते सगळं जगात पुष्कळ राहून, झिजून, ठोके खाऊन आलेलं असतं. त्याचा पहिला कर्ता कोणीतरी असतोच, कुठल्या कारखान्यातला, कुठल्या गावचा, मला त्याच्याशी काय करायचं; मी त्याच्या मागून जाणार. आणि हा माणूस म्हणत होता की मागून जायला पुढं कोणी नाही. मला घाबरायला हवं होतं आणि मी घाबरलोही. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, जत्रेतल्या पाळण्यात वरून खाली येताना पोटात होतं तसं. हात खाली आला. "दाखवा," मी म्हणालो.

वाकळेतून निघाली छर्ऱ्याची एअर रायफल, जुनी, परदेशी, पलटणीतल्या एका साहेबानं निवृत्त होताना सुभेदारांना दिलेली. नळीच्या मागच्या टोकाला बारीक भोकाची साईट, पुढच्या टोकाला कडं. भोकातून कडं बघायचं, कड्यात दहा मीटरवरचा काळा ठिपका बसवायचा आणि दाबायचं. सुभेदारांनी पलटणीच्या संघात चौदा वर्षं हे केलं. मग गावी आल्यावर उसाची ट्रॉली उलटली, मानेचे मणके एकमेकांवर बसले, आणि मान जी सरळ झाली ती झालीच. म्हणजे माज नव्हता, मणके होते. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. "गाल लाकडावर टेकत न्हाई," ते म्हणाले. "डोळा साईटच्या वर ऱ्हातो. सांगलीला दर एप्रिलला पन्नाशीच्या पुढल्यांची स्पर्धा आसती. सहा वर्सं झाली, गेलो न्हाई. बंदूक पुसतो आन् ठेवतो." वाकळेची घडी घालत ते म्हणाले, "म्हटलं, मान खाली जात न्हाई, तर साईट वर आली पायजे. व्हय का न्हाई?"

त्यांना हवा होता तो नळी आणि साईट यांच्या मधे बसणारा ठोकळा. खालून नळीवरच्या खाचेला घट्ट धरणारा, आणि वरून साईटला तशीच खाच देणारा. मागं एक, पुढं एक, दोन्ही अगदी सारख्या उंचीचे, नाहीतर छर्रा आभाळात जाणार किंवा मातीत. "किती उचलायची?" मी विचारलं. सुभेदार आख्खे फिरले आणि दाराबाहेर बघत म्हणाले, "सूतभर."

आता सूत म्हणजे किती हे मला कोणी सांगायला नको. इंचाचा आठवा भाग. सुताराचं, गवंड्याचं, फिटरचं, सगळ्यांचं सूत तेवढंच, आणि ते मी अ आ इ ई च्या आधी शिकलो. लोणंदच्या शेडमधून आण्णा यायचे तेव्हा त्यांच्या खिशात घडीची लाकडी पट्टी असायची. ती ते माझ्या हातात द्यायचे आणि घरातलं काहीही मोजायला सांगायचे. ताटाची कड किती? दीड सूत. आक्काताईच्या वेणीची जाडी? नऊ सूत, आणि आक्काताईचा धपाटा. आण्णांच्या बोटांना डिझेलचा वास असायचा आणि डोळ्याला न दिसणारा वाकडेपणा त्यांच्या बोटांना कळायचा. पालीच्या जत्रेला आम्ही जायचो. "देवाकडं न्हाई, पाळण्याकडं जायाचं," असं ते बजावायचे, आणि आम्ही खंडोबाला वळसा घालून पाळण्याकडं जायचो. तिथं एका वर्षी फुगे फोडायच्या दुकानात आण्णांनी बंदूक हातात घेतली, साईटवरून अंगठा फिरवला आणि हळूच हसले. मग फुग्याच्या वीतभर डावीकडं नेम धरून त्यांनी एकामागून एक अकरा फुगे फोडले. बाराव्याला दुकानदारानं बंदूक काढून घेतली. "साईट वाकवून ठेवलीया," आण्णा परत येताना म्हणाले, "पर किती वाकवलीया ते त्यानंच ठरवलंय न्हवं? मंग आपल्याला बी कळतंय." बाकी वर्षभर तेवढ्या एका गोष्टीवर मी शाळेत भाव खाल्ला. अशा माणसाचा मी मुलगा, आणि सूतभर म्हणजे किती हे विचारायला तोंड उघडणार होय? सूतभर म्हणजे एक सूत. तीन मिलिमीटरच्या वर जरासं, पॉइंट सतरा.

चार दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. अॅल्युमिनियमची एक चांगली जाड पट्टी होती, तिच्यातून दोन तुकडे काढले, शेपरवर चढवले, टूल तिरकं घासून बारीक केलं आणि खाच कापायला लागलो. पहिली गंमत अशी झाली की हात अडायला लागला. काम करताना माझ्या डावीकडं एक फडकं असतं आणि फडक्यावर नमुना. दर दोन मिनिटांनी मी तिकडं बघतो, मोजतो, पुन्हा मशीनकडं येतो. बावीस वर्षांत मानेला तेवढाच व्यायाम. आता मी डावीकडं बघायचो तर रिकामं फडकं. एकदा बघितलं, दोनदा बघितलं, शेवटी तिथं काडेपेटी ठेवली, तर तिच्याकडंच बघत बसलो. असं कितीदा झालं कोण जाणे. मनात कोणीतरी सारखं विचारत होतं, हे असंच असतं का? आणि उत्तर द्यायला कोणी नव्हतं, कारण ते अजून असं नव्हतंच. मग तिसऱ्या दिवशी दुपारी केव्हातरी माझ्या लक्षात आलं की बराच वेळ झाला, मी डावीकडं बघितलेलंच नाही, आणि मी शीळ घालतोय. डबा घेऊन आलेली आक्काताई दारात उभी होती. माझी ही थोरली बहीण प्राथमिक शाळेत मास्तरीण होती, आता निवृत्त आहे, आणि एक ते चार माझ्या दुकानात बसून माझी शाळा घेते. "काय रं कपिल," ती म्हणाली, "पोटात कळ हाय का गाणं म्हंतूयास?"

शनिवारी सुभेदार आले. मी ठोकळे चढवले, साईट चढवली, स्क्रू आवळले. खाच खाचेत अशी बसली की मधे केस जाणार नाही. मी मागं सरलो, हात पुसले, आणि सुभेदारांनी बंदूक खांद्याला लावली. डोळा साईटच्या वरच. ते थोडे वाकले, कमरेतून. मग खांदा वर केला. मग मान खाली दाबायला लागले. कानशिलावरची शीर फुगली, मिशांखाली ओठ पांढरे झाले आणि मानेतून कडक असा बारीक आवाज आला. "सोडा," मी ओरडलो, "सुभेदार, सोडा ती." मी बंदूक त्यांच्या हातातून काढूनच घेतली. ते स्टुलावर बसले. घाम पुसायला रुमाल काढला तो हातातच राहिला. मी ठोकळ्याकडं बघत होतो. मापात बाळाच्या दातासारखा नेमका, आणि काही उपयोगाचा नाही. वाटलं, पाटी काय उगीच लिहिली होती? आपलं काम मागून जायचं, पुढं जायला गेलं की असं होतं. आक्काताईनं दोन कप चहा गाळला. एक त्यांच्यापुढं केला आणि मी, हे सगळं चाललेलं असताना, त्यांच्या हाताकडं बघत राहिलो, कप घेतात का, कसा घेतात. त्यांनी कप घेतला, बशीत ओतला आणि फुर्र करून प्यायले. मी अजून कपाकडं बघतो याचा मला मनापासून राग आला. त्या रागातच मी म्हणालो, "सूतभर म्हणाला होता तुम्ही. सूतभर म्हणजे एक सूत. मी एक सूतच उचललंय, मोजून घ्या."

"आवं," ते बशीत बघत म्हणाले, "सूतभर ही आपली बोलायची पद्दत झाली."

"माझी नाही ती. माझ्याकडं सूत म्हणजे सूत."

त्यांनी बशी खाली ठेवली. आक्काताई बोलली. तिनं तीस वर्षं पोरांची खोटी कारणं ऐकलेली आहेत. "सुभेदार," ती म्हणाली, "घरात बी सूतभरच सांगितलंय व्हय?" सुभेदारांचे कान लाल झाले. मग ते एकदम हसले, मान न हलवता, फक्त मिशा आणि खांदे हलले. "साळूला," ते म्हणाले, "मंजी आमच्या मंडळीला, सांगितलंय सूतभर अडतंय म्हणून. डॉक्टरला बी तेच. लय अडतंय आसं म्हणायला जीभ रेटत न्हाई ताई. पलटणीत माझ्या मानेची पोरं चेष्टा करायची. बगळ्यागत लवतिया म्हणायची." मला त्या क्षणी तो माणूस इतका आवडला की काय सांगू. मानेनं दगा दिला होता आणि हा गडी तिची अब्रू झाकत फिरत होता. आणि मी सूत सूत करत त्या झाकलेल्या अब्रूचं माप घेऊन चार दिवस खाच कापत बसलो होतो. मलाही हसू फुटलं. मग माझ्या ध्यानात आलं की नमुना नाही असं नाहीच मुळी; नमुना समोर स्टुलावर बसून चहा पितोय.

"उठा," मी म्हणालो. "डोळे मिटा. बंदूक लावा, मान सुखानं राहील तशी ठेवा. राहिली? आता उघडा. काय दिसतंय?"

"तुमची पाटी," सुभेदार म्हणाले.

साईट वर चढवायची ती किती, ते आता डोळ्यालाच विचारायचं होतं. खाली घालायला काहीतरी पातळ, सारखं, पुष्कळ हवं होतं. लेथवर टूल उंच करायला मी लग्नपत्रिका घालतो, त्या दुकानात ढिगानं असतात. गिऱ्हाइकं आवर्जून देतात. आक्काताईचा त्यावर कायदा आहे. बुद्धाचं किंवा बाबासाहेबांचं चित्र असलेली पत्रिका टूलखाली जायची नाही, गणपतीचीही नाही, दुसऱ्याचा देव झाला म्हणून काय तेलात घालायचा का. त्या सगळ्या एका पत्र्याच्या पेटीत. पण हे टूलखाली नव्हतं, डोळ्याखाली होतं, तेव्हा आक्काताईनं स्वतः पेटी उघडली. मी ठोकळे काढले, साईटखाली पत्रिका ठेवून सायकलच्या ट्यूबच्या रबरानं बांधायला लागलो, मागं एक, पुढं एक. ती एकेक वाचून हातात द्यायची. "ही पाटणच्या भंडाऱ्यांची. ही तुमच्याकडच्याच कुणाची, घोड्यावर खंडोबा हाय बघा. ही जोतीराम मास्तराच्या पोरीची. ह्यांचं मोडलं पुढं, पर कागद जाड हाय, घे." दोन्हीकडं सहा-सहा झाल्या. सुभेदार डोळा मिटायचे, उघडायचे. "न्हाई." दहा. "न्हाई." चौदा झाल्या तेव्हा ते म्हणाले, "कायतरी उजेडलंय खालच्या अंगाला." मी श्वास धरून एकेक सरकवत होतो. सतरा. अठरावी पत्रिका आत गेली, सुभेदारांनी डोळा उघडला. बंदूक जागच्या जागी थांबली. मान सरळ, ताठ, जशीच्या तशी. भिंतीवर मी कोळशानं काढलेला काळा ठिपका होता.

"मिस्त्री," ते फार हळू म्हणाले, "काळा दिसतोय. गोल."

आक्काताईनं पदर डोळ्याला लावला, आणि लगेच चहाची भांडी आपटत आत गेली. सुभेदार बंदूक खाली घेईनात. मी व्हर्नियर लावून गठ्ठ्याची जाडी मोजली, पुन्हा मोजली. चौदा पॉइंट तीन. "साडेचार सूत," मी म्हणालो. सुभेदारांनी डोळा साईटवरून न काढता म्हटलं, "घरात सांगू नका."

दुसरी जोडी करताना मी फडकंच उचलून टाकलं. ठोकळा उंच झाला तसं त्याला पोट दिलं, मधून पोखरला, वजन उतरवलं. हे असं करावं असं कुठं बघितलेलं नव्हतं. हात करत गेला आणि मी हाताच्या मागून बघत गेलो. सुभेदार दर बुधवारी एसटीनं येऊन बसायचे. दुकानामागच्या बोळात दहा मीटर मोजून, चुऱ्यानं भरलेलं खोकं ठेवून, त्यावर पुठ्ठा लावून ते झाडायला लागले. पहिले पाच छर्रे एका रुपयाएवढ्या जागेत गेले. आम्ही लहान पोरांगत ओरडलो. पुढचे पाच त्याच्या वर गेले, त्याच्या पुढचे आणखी वर, आणि आमचा आवाज गेला. बंदुकीची स्प्रिंग दर वेळी धक्का द्यायची, आणि मागचा ठोकळा त्या धक्क्यानं केसाकेसानं मागं सरकत होता. स्क्रू आणखी आवळावा तर खाच चिरेल. दोन दिवस मी तोच धक्का अंगात घेऊन फिरत होतो, जेवताना, पोवई नाक्यावर भाजी घेताना, रस्ता ओलांडताना: मागं सरकतोय, मागं सरकतोय, कशानं थांबेल? मंडईत वांगी निवडता निवडता समोरच्या हातगाडीवाल्यानं चाकामागं दगड लावला. मी वांगी तिथंच टाकून दुकानात आलो. ठोकळ्यातून खाली येणारी एक बारीक पिन केली, नळीवर एक भोक आधीपासून होतंच रिकामं, कशासाठी ते तोवर मला कळलं नव्हतं, त्यात ती बसवली. त्यानंतर तीस छर्रे झाडले आणि तीसही एका रुपयाच्या आत गेले. वांगी त्या दिवशी आणलीच नाहीत, त्याबद्दल आक्काताई अजून ऐकवते.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी साताऱ्याहून सांगलीची पहिली एसटी धरली. उंब्रजला सुभेदार चढले, शेजारी साळूबाई, मांडीवर वाकळेतली बंदूक. कराड गेलं, दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाचे खोडवे आणि पाचट जाळल्याचा वास. सुभेदार बोलत होते, मी हूं हूं करत होतो आणि आत पार रिकामा झालो होतो. बुश चुकला तर ट्रॉली थांबते, शिव्या बसतात, दुसरा करून देता येतो. हा चुकला तर काय होणार ते मी बघितलं होतं, स्टुलावर, हातात राहिलेला रुमाल. आणि माझंही काय होणार ते मला माहीत होतं. मी परत साताऱ्याला येऊन आयुष्यभर पिना करणार होतो, आणि पिना करणं वाईट नव्हे, पण आता ते मला पुरलं नसतं. एवढंच झालं होतं दोन महिन्यांत. चांगल्या चाललेल्या माणसाचं सुभेदारांनी एका वाक्यानं वाटोळं केलं होतं, आणि मी त्यांच्या शेजारी बसून साळूबाईंनी दिलेला शेंगदाण्याचा लाडू खात होतो.

हॉलमध्ये टेबलाशी एक तरुण पोरगा प्रत्येकाची बंदूक तपासत होता. सुभेदारांच्या बंदुकीवर पट्टी लावून त्यानं उंची बघितली, भुवया वर केल्या, नियमाचं पुस्तक चाळलं, पुन्हा पट्टी लावली. "बसतंय नियमात," तो म्हणाला आणि फॉर्म पुढं ओढला. "रायफलचं मेक लिहिलंय. ह्या अडॅप्टरचं मेक काय?"

"थोरवडे," सुभेदार म्हणाले.

"थोरवडे? जर्मन का?"

"सातारी."

पोरानं मान डोलावली आणि लिहिलं. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. मेक, पुढं दोन टिंबं, आणि पुढं थोरवडे. ड ला मात्रा नीट पडली नव्हती. मला एकदम आण्णा हवेसे वाटले, इतके की बाजूला होऊन मी हॉलच्या नळावर तोंड धुतलं.

चाळीस छर्रे होते. लोक पुठ्ठ्याकडं बघत होते, मी बघत नव्हतो. ठोकळा आणि नळी यांच्यावरून मी सुईनं एक आडवी रेघ मारून ठेवली होती, अर्धी त्याच्यावर, अर्धी हिच्यावर. ती मागून, चार हातांवरून, मला दिसत होती. दर छर्ऱ्याला बंदूक अंग झटकायची आणि मी रेघ बघायचो. एकच रेघ. पुन्हा फट्. एकच रेघ. विसाव्यानंतर मला वाटलं तुटली, जीव गेला, पण तो डोळ्यांतला घाम होता. सुभेदार ताठ उभे होते, म्हणजे ते नेहमीच असतात, पण आज त्या ताठपणात काही सोसणं नव्हतं. पस्तीस. अडतीस. शेजारचे म्हातारे मानेला हात लावून मधे मधे विसावा घेत होते, आमच्या माणसाला त्याची गरजच नव्हती. चाळिसावा गेला तेव्हा रेघ एकच होती, आणि मी साळूबाईंशेजारी जमिनीवरच बसलो. "बसलं का बरोबर?" त्यांनी विचारलं. "बसलं, वहिनी," मी म्हणालो. चारशेपैकी तीनशे एक्कावन्न. अकरा जणांत चौथा नंबर. तिसरा दोन मार्कांनी हुकला. "दोन माझं चुकलं," सुभेदार जो भेटेल त्याला सांगत होते, "ह्यांचं एक बी न्हाई."

हॉल रिकामा झाला, पोरं पुठ्ठे गोळा करायला लागली. सुभेदारांनी त्या तपासणाऱ्या पोराला काहीतरी सांगितलं, एक पुठ्ठा परत लावून घेतला आणि बंदूक माझ्या हातात दिली. "आता तुमी, कपिलराव," ते म्हणाले. मिस्त्री नाही म्हणाले हे मला जरा उशिरा कळलं. मी बंदूक खांद्याला लावली. लाकूड गालाला गार लागलं. माझी मान सहज खाली गेली, कुठं काही अडलं नाही. डावा डोळा मिटला, उजवा उघडा ठेवला.

"काय दिसतंय?" सुभेदारांनी विचारलं.

भोक नव्हतं. कडं नव्हतं. काळा तर कुठंच नव्हता. डोळ्यासमोर इतक्या जवळ फक्त करडं अॅल्युमिनियम, शेपरच्या टूलनं ओढलेल्या बारीक रेषा, एकीशेजारी एक. मी गाल लाकडावरच वर-खाली सरकवला, बंदूक फिरवली. काही केल्या दिसेना. माझा बुश कुणाच्याही ट्रॉलीला बसतो, पाटणच्या, लोणंदच्या, आणा आणि घाला. आणि ही वस्तू मी स्वतः केलेली, माझ्या नावाची, मलाच बसत नव्हती. सगळ्या मुलखात ती एका माणसाला बसत होती, आणि तो माझ्या शेजारी ताठ उभा राहून वाट बघत होता.

"काय न्हाई," मी म्हणालो. "काय म्हंजे कायच दिसत न्हाई, सुभेदार!"

मला इतका आनंद झाला होता की बंदूक खाली घ्यायचं सुचेना.